‘गोदापात्रात ड्रोन सोडा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

ऑपरेशन सिंदूर होऊन गेलं, पण त्या दिवसांत सुरू झालेला एक मजकूर आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरून उतरायला तयार नाही. पैठण, अंबड, गेवराई, माजलगाव, गंगाखेड, गोदाकाठच्या कुठल्याही तालुक्यातल्या माणसाला तो एकदा तरी आलेला असणार. त्याचा गोषवारा असा: ‘सीमेपलीकडचे अड्डे ड्रोननं उडवता येतात, तर गोदापात्रातले वाळूमाफिया का नाहीत? ड्रोनचा नेम चुकत नाही, त्यामुळे निरपराध मरत नाही. चालवणारा लांब बसलेला असतो, त्याला ना राग ना भीती. आपला शिपाई घरी सुखरूप. शत्रू तो शत्रू, सीमेवरचा काय अन् गावातला काय. कोर्टाच्या तारखांपेक्षा हे बरं. आणि ज्यानं काही केलंच नाही, त्यानं भ्यायचं कशाला?’ खाली तिरंगा, त्याखाली ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’.

लोक सहमत होतात आणि पाठवतात. त्यांची चीड मला कळते. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. वाळूच्या प्रकरणांतले तलाठी, मंडळ अधिकारी, हायवा डंपरचे मालक, चालक असे सगळेच समोर येतात. रात्रभर चालणाऱ्या गाड्या, पात्रात पडलेले पुरुषभर खोल खड्डे, त्यात बुडालेली लेकरं, खाली गेलेलं विहिरींचं पाणी, पथकाच्या अंगावर घातलेली वाहनं, यातलं काहीही खोटं नाही. मजकूर लिहिणाऱ्यानं रोग बरोबर ओळखलाय. त्यानं सांगितलेल्या औषधाबद्दल मला बोलायचंय.

आणि एक सुरुवातीलाच. हत्यारबंद ड्रोन म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्ताननं एका रात्रीत ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन पाठवल्याचं आपल्या सरकारनं सांगितलं. समोरून हे येत असताना आपल्याकडे काहीच नसावं, असं म्हणणारा माणूस बहुतेक सीमेपासून फार लांब राहत असावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतानं अमेरिकेकडून ३१ एमक्यू-९बी ड्रोन घ्यायचा करार केला, नागपुरात बनलेलं नागास्त्र-१ लष्करात दाखल झालं. देशाच्या संरक्षणासाठी हे लागतं. प्रश्न पुढचा आहे: तेच हत्यार घेऊन पोलिसांनी गोदावरीवर यायचं का, आणि त्यासाठी दिलेली कारणं टिकतात का.

‘नेम चुकत नाही, त्यामुळे निरपराध मरत नाही.’

यातलं पहिलं बऱ्याच अंशी खरं. नागास्त्रासारखं घिरट्या घालणारं अस्त्र दोन मीटरच्या आत लागतं असं सांगितलं जातं, आणि शेवटच्या क्षणी हल्ला रद्द करून ते परतही बोलावता येतं. तोफगोळ्याच्या मानानं हा फार मोठा फरक आहे. गल्लीच्या गल्ली उडवण्यापेक्षा एक गाडी उडवणं कधीही कमी वाईट. पण ड्रोन अचूक असतो तो जागेबाबत. त्या जागेवर कोण उभं आहे हे त्याला माणसानं सांगावं लागतं, आणि तिथंच सगळं फसतं.

२९ ऑगस्ट २०२१, काबूल. तीन दिवस आधी विमानतळावर आत्मघाती स्फोट झाला होता, १३ अमेरिकी सैनिक आणि दीडशेहून जास्त अफगाण मेले होते, दुसऱ्या हल्ल्याची धास्ती होती. अमेरिकी ड्रोननं एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर जवळजवळ आठ तास नजर ठेवली. चालक कुठे थांबला, गाडीत काय चढवलं, सगळं पाहिलं. संध्याकाळी तो आपल्या घराच्या अंगणात शिरला तेव्हा क्षेपणास्त्र सोडलं. नेम तंतोतंत लागला. दहा जण मेले, त्यात सात लेकरं. चालक एका अमेरिकी मदतसंस्थेचा कर्मचारी होता आणि गाडीत चढवलेले ‘स्फोटकांचे’ डबे पाण्याचे कॅन होते. सैन्यानं आधी या हल्ल्याचं समर्थन केलं. पत्रकारांनी माग काढल्यावर १७ सप्टेंबरला चूक कबूल केली. डिसेंबरमध्ये जाहीर केलं की कुणावरही कारवाई होणार नाही. जगातली सर्वांत महागडी टेहळणी, आठ तासांचा वेळ, आणि तरी पाण्याचा कॅन ओळखता आला नाही.

मजकुरात गोदापात्राचं नाव आहे, म्हणून गोदापात्राचीच गोष्ट सांगतो. लग्नाचं शूटिंग करणारा एक ओळखीचा पोरगा आहे. त्याचा ड्रोन आम्ही एका संध्याकाळी नदीवर नेला होता, एका शेताच्या बांधाचं चित्रण हवं होतं. शंभरेक मीटरवरून पडद्यावर पात्र दिसलं: पाण्याची पट्टी, कडेला टरबुजाच्या वाड्या, पाचसहा माणसं. एकाच्या खांद्यावर काहीतरी लांब होतं. पडद्यावर वाकलेल्या आम्हा तिघांनी तीन उत्तरं दिली: पाइप, फावड्याचा दांडा, बंदूक. पोरानं ड्रोन खाली आणला तेव्हा दिसलं, की भोयाचं जाळं गुंडाळलेली काठी होती. उजेड पुरेसा होता, कॅमेरा चांगला होता, आणि आम्ही त्याच मुलखात जन्मलेले. लष्करी कॅमेरे याहून कितीतरी चांगले असतात हे मान्य. पण कॅमेरा चांगला झाला की काठी स्वच्छ दिसते. ती खांद्यावर घेतलेला माणूस रात्री पात्रात कशाला आलाय, हे त्यानंही कळत नाही. गोदापात्रात रात्री वाळूवाले असतात, तसे भोई असतात, वाडी राखणारे असतात, मोटारीची वायर चोरीला जाऊ नये म्हणून तिथंच झोपणारे शेतकरी असतात.

आकडे हवेच असतील तर अमेरिकी सरकारनं २०१६ मध्ये स्वतः दिलेले घ्या. २००९ ते २०१५ या काळात, अफगाणिस्तान, इराक आणि सीरिया वगळून इतरत्र केलेल्या ४७३ हल्ल्यांत ६४ ते ११६ बिगरलढाऊ मेले, असं त्यात म्हटलं होतं. त्याच काळासाठी लंडनच्या ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझमची मोजणी होती ३८० ते ८०१. एवढी तफावत पडायचं एक कारण हे, की मेलेला माणूस कोण होता हे मारणाराच ठरवतो. २०१९ मध्ये तर ट्रम्प सरकारनं युद्धक्षेत्राबाहेरच्या अशा हल्ल्यांचा वार्षिक हिशेब द्यायचं बंधनच काढून टाकलं. चुकत नसेल तर हिशेब का बंद करावा लागतो?

अचूकतेची दुसरी बाजू युक्रेनमध्ये, खेरसोनला दिसते. तिथं रशियन सैनिक छोट्या ड्रोनच्या कॅमेऱ्यातून पायी जाणारा, सायकलवरचा, रुग्णवाहिकेतला माणूस नीट पाहतात आणि त्याच्यावर बॉम्ब टाकतात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं मे २०२५ मध्ये या हल्ल्यांना मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. तिथं ओळखण्यात चूक झालीच नव्हती. बिनचूक नेम चांगल्या माणसाच्या हाती जसा लागतो तसाच वाईट माणसाच्याही.

‘चालवणाऱ्याला ना राग ना भीती.’

हे ऐकायला फार पटतं. जिवाची भीती नसलेला माणूस उगाच गोळी घालणार नाही, असं वाटतं. काही वेळा ते खरंही असेल. पण २१ फेब्रुवारी २०१० ला अफगाणिस्तानच्या उरुझगान प्रांतात काय झालं ते पाहा. नेवाडातल्या तळावर बसलेले ड्रोनचालक पहाटेपासून तीन गाड्यांच्या मागावर होते. गाड्यांत बायका-मुलांसह साधे प्रवासी. ड्रोनचालकांच्या संभाषणाची प्रत नंतर बाहेर आली. चित्रण तपासणाऱ्यांनी मुलं असल्याची शक्यता कळवली, तेव्हा चालकांना ते रुचलं नाही. बोलता बोलता मुलांची किशोरवयीन झाली आणि किशोरवयीनांचे लढाऊ पुरुष झाले. शेवटी त्यांच्या माहितीवर हेलिकॉप्टरांनी मारा केला. अफगाणांच्या मोजणीनं २३ माणसं मेली. अमेरिकी सैन्याच्याच चौकशीनं ड्रोनपथकानं दिलेली माहिती चुकीची आणि बेजबाबदार ठरवली.

त्या खोलीत राग नव्हता हे मान्य. जिवाला धोकाही नव्हता. तिथं सावज हातचं जाऊ नये ही घाई होती, तासन्‌तास त्याच त्या चित्राकडे पाहून पक्कं झालेलं मत होतं. पुंगळीतून पाहणाऱ्याला समोरचं मोठं दिसतं, आजूबाजूचं दिसत नाही. जमिनीवरचा फौजदार निदान माणसाचा आवाज ऐकतो, हात वर केलेले पाहतो, दारूचा वास घेतो, म्हातारी रडत पुढे आली तर थबकतो. तोही चुकतो, भयंकर चुकतो. डिसेंबर २०२१ मध्ये नागालँडच्या ओटिंगला खाणीतून घरी निघालेल्या सहा मजुरांना आपल्याच जवानांनी अतिरेकी समजून मारलं. पण ते जवान जागेवर होते, म्हणून त्याच रात्री चूक त्यांच्यासमोर उघडी पडली. काबूलची चूक सैन्यानं कबूल करायला १९ दिवस लागले.

‘आपला शिपाई घरी सुखरूप.’

या मुद्द्यावर मी हात जोडून बोलतो. मराठवाड्यातल्या किती घरांतली पोरं सीआरपीएफमध्ये, एसआरपीएफमध्ये, गडचिरोलीच्या पथकांत आहेत. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या सुरुंगात १५ पोलीस आणि त्यांचा चालक गेला. पुढचा रस्ता आधी ड्रोननं पाहून एक जरी जीव वाचत असेल, तर त्यासाठी लागतील तेवढे ड्रोन घ्या. पण तो पाहणारा ड्रोन झाला. मजकूर मागतोय मारणारा.

पोलिसाची नोकरी धोक्याची का मानतात? कारण संशयिताला जिवंत धरणं हे त्याचं काम, आणि जिवंत धरायला जवळ जावं लागतं. तो धोका आपण त्याला पगार, पेन्शन, मानसन्मान देऊन घ्यायला लावतो. हा धोका शून्य करायचा तर एकच मार्ग उरतो: धरायचंच नाही, लांबूनच मारायचं. ड्रोनला बेड्या घालता येत नाहीत. युद्धातसुद्धा ही अडचण आलेली आहे. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतच्या फैलाका बेटावरचे इराकी सैनिक वर घिरट्या घालणाऱ्या अमेरिकी ड्रोनला पांढरी फडकी दाखवून शरण आले. जवळपास माणसं होती म्हणून त्यांना ताब्यात घेता आलं. नुसता ड्रोन असता तर त्यांनी शरण जायचं कुणाला?

हरवायचा जीव आपला नसला की बंदूक लवकर उचलली जाते, हेही आहे. आज पोलीस ठाण्यातून पथक काढायचं तर अधिकारी दहा वेळा विचार करतो. बटण असलं तर दोनदा करील.

‘शत्रू तो शत्रू, सीमेवरचा काय अन् गावातला काय.’

सगळ्या मजकुरात घातक वाक्य हेच. बाकीचे मुद्दे तपशिलाचे आहेत, यात कायद्याचा पायाच उखडला जातो.

युद्धात समोरचा सैनिक सैनिक आहे एवढ्यावर त्याच्यावर गोळी चालवता येते. त्यानं वैयक्तिक गुन्हा केलाय का, हे विचारावं लागत नाही. पोलिसाचं तसं नाही. त्याच्यासमोरचा माणूस नागरिक असतो, आरोपी असला तरी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३, वाचा: ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना ठार मारायचा अधिकार हे कलम देत नाही. वाळू चोरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत चोरी. न्याय संहितेत साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, सरकारी मालमत्ता चोरली तर सात. पथकावर हायवा घातला तर खुनाचा प्रयत्न लागतो, ती गोष्ट वेगळी. पण तेव्हाही समोरच्याचा जीव घेणं शेवटचा उपाय असतो. जमाव पांगवायचा तरी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८ म्हणतं, आधी पांगायचा हुकूम द्या, ऐकलं नाही तर बळ वापरा. वरून क्षेपणास्त्र सोडताना हुकूम कोण देणार, आणि ऐकणार कोण?

इथं कुणी तरी डॅलसचं उदाहरण काढतं. काढूही द्या, ते खरंच अवघड आहे. जुलै २०१६ मध्ये पाच पोलिसांना मारून दडून बसलेल्या हल्लेखोराला डॅलस पोलिसांनी रोबोटच्या हातात स्फोटकं देऊन उडवलं. बोलणी फिसकटली होती, तो आणखी मारीन म्हणत होता. त्या रात्री त्या अधिकाऱ्यांनी चूक केली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्यानंतर काय झालं? नोव्हेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळानं पोलिसांना असे रोबोट वापरायची मुभा दिली आणि लोक रस्त्यावर आल्यावर आठवड्याभरात फिरवली. त्याच वर्षी टेझर बनवणाऱ्या अ‍ॅक्झॉन कंपनीनं शाळांत विजेचा झटका देणारे ड्रोन ठेवायची योजना जाहीर केली, तर तिच्याच नीतिमंडळातल्या बारापैकी नऊ जणांनी राजीनामे दिले. जिथं हे तंत्र जन्मलं, तिथले पोलीस आणि कंपन्या इथं अडखळतात.

जिथं अडखळले नाहीत ते हैती. २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं टोळ्यांवर स्फोटकांचे ड्रोन सोडायला सुरुवात केली. टोळ्या खरोखर नरपिशाच्च, त्यांच्यापुढे आपले वाळूवाले म्हणजे बालवाडी. सप्टेंबरमध्ये सिटे सोले वस्तीत एका टोळीप्रमुखाच्या वाढदिवसाच्या ठिकाणी ड्रोन फुटले आणि मानवाधिकार संघटनांच्या नोंदीनुसार किमान आठ मुलं मेली.

आपल्याकडे सुरुवात मिरपूड आणि अश्रुधुरानं झाली आहे. २०१५ मध्ये लखनौ पोलिसांनी मिरपूड फवारणाऱ्या ड्रोनची चाचणी घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधुराच्या नळकांड्या टाकल्या. शेतकऱ्यांनी ड्रोन पाडायला पतंग उडवले, त्याचं हसू झालं. पण मुद्दा लक्षात घ्या: पहिला ड्रोन माफियावर गेला नाही, हमीभाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गेला. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला, नंतर गृहमंत्र्यांनी माफी मागितली. त्या संध्याकाळी जालना पोलिसांकडे असे ड्रोन असते तर ते वापरले गेले नसते, असं मजकूर पाठवणाऱ्यांपैकी कुणी छातीवर हात ठेवून म्हणावं. त्यातले अर्धे तर स्वतः त्या मंडपात होते.

सैन्य आणि पोलीस यांच्यातली रेघ पुसली की काय होतं, ते मराठवाड्यानं ७५ वर्षांपूर्वीच पाहिलंय. १९४८ च्या सप्टेंबरात नळदुर्गाकडून रणगाडे आत आले त्या मोहिमेला सरकारनं पोलीस कारवाई म्हटलं. रझाकारांचा जुलूम खरा होता, सुटकाही खरी, आणि १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो तो योग्यच. पण त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानात जी कत्तल झाली तिची पाहणी केलेल्या सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. युद्ध म्हटलं नाही म्हणून युद्धाचे नियम नाहीत, नेहमीचं पोलिसी काम नाही म्हणून पंचनामे नाहीत. हे लिहिलेलं काहींना आवडणार नाही. हरकत नाही.

‘कोर्टाच्या तारखांपेक्षा बरं.’

तारखांबद्दल मला सांगू नका, माझा दिवस त्यातच जातो. पंच फितूर होतात, जप्त केलेला हायवा बंधपत्रावर सुटून त्याच आठवड्यात पात्रात दिसतो. चीड यावी असंच आहे.

पण ड्रोन मारणार कुणाला, याचा विचार मजकुरात कुठंच नाही. रात्री दोन वाजता पात्रात कोण असतं? हायवाचा चालक, पोकलेनवरचा परप्रांतीय पोरगा, ट्रॅक्टरमागे फावडं घेऊन उभी असलेली चार माणसं, वाळू चाळणाऱ्या बाया. ऊसतोडीहून परतलेली, पुढच्या उचलीपर्यंत रोजानं जाणारी माणसं. गाडी ज्याच्या नावावर आहे तो तालुक्याला झोपलेला असतो, आणि गाडी ज्याच्या पैशानं चालते त्याचं नाव कुठंच नसतं. हप्ता कुठं कुठं जातो हे गावाला माहीत असतं, कागदाला नसतं. कॅमेरा फक्त दिसणाऱ्याला टिपतो, आणि या धंद्यात वर गेलेला प्रत्येक माणूस दिसेनासा होत जातो. म्हणजे ड्रोननं न्याय केला तर तो रोजंदारीवाल्याचा होईल. उरलेले दुसऱ्या रात्री दुसरा चालक पाठवतील.

जबाबदारी कुणाची, हे तर त्याहून अवघड. परभणीचं घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंद चिघळला, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदन झालं, अंगावरच्या जखमा नोंदल्या गेल्या. दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. औरंगाबाद खंडपीठानं जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. दोषी कोण हे पुढे ठरेल. पण एवढं तरी घडू शकलं, कारण एक शरीर होतं, एक कोठडी होती, हजेरीचं रजिस्टर होतं आणि त्यात नावं होती.

चकमकीतही हेच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल (ही नागरी हक्कांची संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या प्रकरणात १६ सूचना दिल्या: गुन्हा नोंदवा, दुसऱ्या यंत्रणेकडून तपास करा, दंडाधिकारी चौकशी करा, शस्त्र जमा करा. त्या पाळल्या जातातच असं नाही, पण वकिलाच्या हाती काहीतरी लागतं. गोळी किती अंतरावरून लागली हे जखम सांगते, कोणत्या पिस्तुलातून सुटली हे गोळी सांगते, हातावरचे बंदुकीच्या दारूचे कण सांगतात. आणि पोलिसांचा ठरलेला बचाव, ‘स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला’, तो उलटतपासणीत तपासता येतो. ड्रोन चालवणाऱ्याचा स्वतःचा जीव धोक्यात कधीच नसतो. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी मारलं असं म्हणावं लागेल, आणि त्या दुसऱ्याला धोका होता याचा पुरावा काय, तर ज्यांनी मारलं त्यांच्याच संगणकातलं चित्रण. बटण दाबणारा एक, माहिती देणारा दुसरा, परवानगी देणारा तिसरा, यंत्र पुरवणारी कंपनी चौथी. फिर्यादीत आरोपी म्हणून नाव कुणाचं लिहायचं?

हा प्रश्न आपल्यापासून फार लांबही नाही. किनवट-माहूरच्या पुढे तेलंगण, त्यापलीकडे बस्तर. तिथल्या गावकऱ्यांनी २०२१ पासून अनेकदा आरोप केलाय की ड्रोनमधून त्यांच्या शिवारात बॉम्ब टाकले गेले. पोलिसांनी दर वेळी नाकारलं. खरं कोणाचं, हे सांगू शकेल असा त्रयस्थ कागद नाही.

‘ज्यानं काही केलंच नाही, त्यानं भ्यायचं कशाला?’

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी बीड, जालना, संभाजीनगरच्या गावांवर रात्री ड्रोन दिसायला लागले तेव्हा हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं. कुणी चोरांचे म्हणे, कुणी सर्वेक्षणाचे. गावोगाव पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती, बाया ओसरीवर झोपायच्या बंद झाल्या, विधानसभेत प्रश्न आले. त्या ड्रोनना हत्यार नव्हतं, नुसता दिवा आणि घरघर. कुणी काही केलेलं नव्हतं, तरी सगळे भ्याले होते.

पाकिस्तानातल्या उत्तर वझिरीस्तानात २४ ऑक्टोबर २०१२ ला एक आजी शेतात भेंडी तोडत असताना अमेरिकी ड्रोनहल्ल्यात मेली. तिचा नातू जखमी झाला. वर्षभरानं, १३ वर्षांचा असताना, त्यानं अमेरिकेच्या संसदेत जाऊन सांगितलं, की त्याला आता निरभ्र आभाळ आवडत नाही, ढग असले की बरं वाटतं, कारण ढगात ड्रोन येत नाहीत. त्या आजीनंही काही केलेलं नव्हतं.

राहता राहिली वाळू. गोदापात्रात ड्रोन जरूर उडवा, बिनहत्याराचे. रात्रीचं चित्रण त्याच रात्री सीलबंद होऊन हॅशसह (चित्रणात नंतर फेरफार झाला तर उघड करणारा संगणकी ठसा) कोर्टात जाऊ द्या, म्हणजे पंच फितूर झाला तरी कागद फितूर होत नाही. हायवाचा नंबर, आरटीओतलं नाव, महाखनिज या सरकारी पोर्टलवरचा वाहतूक परवाना आणि गाडीचं जीपीएस ताडून पाहा. परवाना एका घाटाचा आणि गाडी दुसऱ्याच घाटावर, हे संगणक दोन मिनिटांत सांगतो. जमीन महसूल संहितेत बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, तो चालकाऐवजी मालकाकडून वसूल करा. आणि ड्रोन कोणत्या रात्री कोणत्या घाटावर गेला, कोणत्या रात्री वरून फोन आला म्हणून गेला नाही, याची नोंदवही माहितीच्या अधिकारात मिळाली पाहिजे. माझ्या अशिलांपैकी बरेच जण या शेवटच्या मागणीला क्षेपणास्त्रापेक्षा जास्त भितील.